एट माइलच्या पलीकडची शाळा

डेट्रॉइट शहराची उत्तरेकडची हद्द म्हणजे एट माइल नावाचा रस्ता. या रस्त्याच्या दक्षिणेला, घरांच्या मागच्या अंगणांमधून गेलेली सहा फूट उंचीची एक काँक्रीटची भिंत आजही उभी आहे. लांबी साधारण अर्धा मैल. १९४१ साली एका बिल्डरला इथे गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती असल्यामुळे सरकारी गृहनिर्माण खातं कर्जाला हमी देईना. त्याने मध्ये भिंत घातली आणि हमी मिळाली. आज तिच्या दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय कुटुंबंच राहतात. एका भागावर रंगीत चित्रं काढली आहेत.

मला लिहायचं आहे शाळांबद्दल. पण अमेरिकेत सरकारी शाळा चांगली की वाईट हा प्रश्न विचारला, की थोड्याच वेळात आपण घरं, कर्ज आणि हद्दी यांबद्दल बोलायला लागतो.

मी डेट्रॉइटच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहते आणि गाड्यांमध्ये चालणारं सॉफ्टवेअर लिहिते. पुण्याहून नवीन कुणी आलं, की पहिल्या आठवड्यात ठरलेला प्रश्न येतो: "रेटिंग किती आहे गं तिथल्या शाळेचं?" नोव्हाय, ट्रॉय, कँटन ही नावं आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याच आकड्यामुळे फिरतात. घर शोधायच्या वेबसाइटवर प्रत्येक घराखाली जवळच्या शाळा दिसतात आणि शाळेपुढे एक ते दहा यांतला एक अंक. हा अंक ग्रेटस्कूल्स नावाची संस्था देते. ती १९९८ साली सुरू झाली. कितीतरी वर्षं तो अंक मुख्यतः एकाच गोष्टीवरून काढला जायचा: राज्याच्या परीक्षेत त्या शाळेतल्या मुलांना किती गुण पडले. अलीकडे मुलांची वर्षभरातली प्रगतीही त्यात धरतात. पण दहा म्हणजे चांगली आणि तीन म्हणजे वाईट, हे डोक्यात बसलेलं समीकरण काही हललेलं नाही.

आधी एक घोळ मिटवू. 'उपनगर' म्हटलं की आपल्याला बोरिवली किंवा मुलुंड आठवतं. ती सगळी एकाच महापालिकेत येतात. अमेरिकन उपनगर तसं नसतं. ते स्वतंत्र गाव असतं आणि बहुधा त्याचा स्वतःचा स्कूल डिस्ट्रिक्ट असतो, म्हणजे शाळा चालवणारं निवडून आलेलं मंडळ, स्वतःच्या करासकट. कल्पना करा, वांद्र्यापासून पुढे प्रत्येक स्टेशनची वेगळी शाळा-व्यवस्था आहे, घरपट्टीतून तिचा खर्च निघतो, आणि अंधेरीत राहणाऱ्या मुलाला विलेपार्ल्याच्या शाळेत बसायला बंदी आहे. हे चित्र डोळ्यापुढे ठेवलं की पुढचं समजायला सोपं जातं.

एके काळी हे सगळं नेमकं उलट होतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चांगली हायस्कुलं शहरात असत. डेट्रॉइटचं कॅस टेक हे त्यांतलं एक. मोटार उद्योगाच्या ऐन भरात तिथे तांत्रिक विषयांबरोबर संगीतही जोरात शिकवलं जायचं. गायिका डायना रॉस आणि जॅझमधला बासवादक रॉन कार्टर ही याच शाळेची मुलं. प्रयोगशाळा, वाद्यवृंद, विषयागणिक वेगळे शिक्षक हे मोठ्या शहरालाच परवडायचं. मग महायुद्ध संपलं, महामार्ग झाले, सरकारी हमीची कर्जं मिळू लागली आणि गोरी कुटुंबं हद्दीबाहेर निघाली. १९५० साली डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती सहा लाख चाळीस हजारांच्या आत आली.

हा फरक आकड्यांत दाखवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत जेम्स कॉनंट होते. हार्वर्डचे माजी अध्यक्ष, म्हणजे कुणी चळवळे नव्हेत. १९६१ साली त्यांनी झोपडपट्ट्या आणि उपनगरं यांच्या शाळांची तुलना करणारं छोटं पुस्तक लिहिलं. श्रीमंत उपनगरात एका मुलामागे वर्षाला हजार डॉलरपर्यंत खर्च होतो आणि मोठ्या शहरातल्या शाळेत त्याच्या निम्माही होत नाही, हे त्यांनी नोंदवलं. मला त्यांचं दुसरं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. उपनगरातले पालक शाळा जोखतात ती मुलगा कुठल्या कॉलेजात जाईल यावरून. शहराच्या गरीब भागात मुख्य प्रश्न असतो तो शाळा सोडल्यावर काम मिळेल का, हा. दोन्हीकडची फूटपट्टीच वेगळी होती.

डेट्रॉइटच्या नॉर्दर्न हायस्कूलमधल्या मुलांनी मात्र १९६६ च्या एप्रिलमध्ये फूटपट्टी स्वतःच्या हातात घेतली. चार्ल्स कोल्डिंग नावाच्या विद्यार्थ्याने शाळेच्या वर्तमानपत्रासाठी एक संपादकीय लिहिलं. मुलांना काही न शिकवता वरच्या वर्गात ढकललं जातं, आणि याच शहरातल्या गोऱ्यांच्या शाळेत वेगळा दर्जा राखला जातो, असा त्याचा आशय होता. मुख्याध्यापकांनी ते छापू दिलं नाही. दोन हजारांहून जास्त मुलं वर्गातून उठून बाहेर पडली. पुढे त्यांनी स्वतःची 'फ्रीडम स्कूल' भरवली आणि वेन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक तिथे शिकवायला आले. आम्हाला जास्त अभ्यास द्या म्हणून झालेला संप माझ्या तरी माहितीत दुसरा नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातच अशा पाहणीची तरतूद होती. सुमारे चार हजार शाळा, सहा लाखांच्या आसपास मुलं. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत साधनं कमी म्हणून गुण कमी, असं उत्तर येईल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. निघालं वेगळंच. मुलांच्या गुणांतल्या फरकाचा मोठा भाग शाळेच्या साधनांनी समजत नव्हता, घरच्या परिस्थितीने समजत होता, आणि वर्गातली बाकीची मुलं कोण आहेत यानेही थोडा. सरकारने हा अहवाल ४ जुलैच्या सुट्टीच्या तोंडावर बाहेर काढला. कुणी फार वाचू नये अशीच इच्छा असावी.

कोलमनच्या अहवालातून लोकांनी आपापल्या सोयीचं घेतलं. 'शाळांवर पैसे घालून उपयोग नाही' असं म्हणणाऱ्यांना तो मिळाला, 'मुलं एकत्र बसवा' म्हणणाऱ्यांनाही मिळाला. आमच्या धंद्यात याला साधा नियम आहे. सर्व्हर किती चांगला आहे हे त्याच्याकडे येणाऱ्या विनंत्या न बघता ठरवता येत नाही. हलकं काम येणारा सर्व्हर आकड्यांत नेहमी वेगवानच दिसतो. आपल्याकडे दहावीचा शंभर टक्के निकाल लावणाऱ्या काही शाळा कच्च्या मुलांना आधीच सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावतात, तोच हा हिशेब. अमेरिकन उपनगराला कुणाला हाकलावंही लागत नाही. ते काम घराची किंमत करते.

डेट्रॉइटच्या न्यायालयात हाच मुद्दा आला. शहराच्या शिक्षण मंडळाने १९७० मध्ये हायस्कुलांत मुलं थोडीफार मिसळण्याची मवाळ योजना केली. राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ती हाणून पाडली आणि तिच्या बाजूने मत देणाऱ्या सदस्यांना मतदारांनी परत बोलावलं. तेव्हा एनएएसीपी ही संघटना कोर्टात गेली. वादींच्या यादीत रोनाल्ड ब्रॅडली या लहान मुलाचं नाव होतं, प्रतिवादी होते गव्हर्नर विल्यम मिलिकन. न्यायाधीश स्टीफन रॉथ सुरुवातीला या दाव्याकडे संशयानेच पाहत होते. वकिलांनी शाळांच्या आधी घरांचा पुरावा मांडला: कर्जं कुणाला मिळाली, कुठे नाकारली, नकाशे कुणी रंगवले. एक्केचाळीस दिवस सुनावणी चालली आणि रॉथ यांचं मत फिरलं. शहराच्या शाळांत तोवर ६४ टक्के मुलं कृष्णवर्णीय होती. उरलेली गोरी मुलं शहरातल्या शहरात कितीही फिरवली तरी ती हद्द ओलांडून निघून जाणार हे उघड होतं. म्हणून १९७२ मध्ये रॉथ यांनी डेट्रॉइट आणि ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट मिळून एकच योजना आखायचा आदेश दिला. जवळपास ७ लाख ८० हजार मुलं. उपनगरांत हलकल्लोळ झाला. रॉथ यांच्या नावाने शिव्या देणारे स्टिकर गाड्यांवर लागले.

दरम्यान, १९७३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्या एका खटल्यात शाळांच्या पैशांचा प्रश्न निकालात काढला होता. सॅन अँटोनियोमधल्या एजवुड या गरीब डिस्ट्रिक्टमध्ये मालमत्तेच्या शंभर डॉलरवर १.०५ डॉलर कर होता आणि त्यातून मुलामागे जमत होते २६ डॉलर. शेजारच्या अलामो हाइट्समध्ये कर होता ८५ सेंट आणि जमत होते ३३३ डॉलर. म्हणजे गरिबांनी दर जास्त लावून हाती काहीच आलं नाही. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की यात संघराज्याच्या घटनेचा भंग होत नाही.

मग २५ जुलै १९७४ रोजी मिलिकन विरुद्ध ब्रॅडलीचा निकाल आला. पुन्हा पाच विरुद्ध चार. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा शहराच्या दुखण्यावरच्या उपायात त्यांना ओढता येणार नाही. वीस वर्षांपूर्वी ब्राउन खटला वकील म्हणून जिंकणारे थर्गुड मार्शल आता न्यायाधीश होते आणि त्यांना विरोधी मत लिहावं लागलं. रॉथ त्याच महिन्यात, निकालाच्या थोडे दिवस आधी वारले होते.

माझ्या मते आजच्या रेटिंगचा खरा जन्म या दिवसाचा आहे. त्या दिवशी डिस्ट्रिक्टची हद्द पक्की झाली आणि हद्दीला किंमत आली. किती, तेही मोजलं गेलं आहे. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी मॅसॅच्युसेट्समधली अशी घरं घेतली जी एकाच वस्तीत, पण शाळेच्या हद्दरेषेच्या दोन बाजूंना होती. १९९९ साली छापलेलं त्यांचं उत्तर असं: परीक्षेतले गुण पाच टक्क्यांनी जास्त असतील, तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात.

त्या जादा पैशात काय विकत मिळतं, हे तपासणंही जमतं. प्रवेश परीक्षा घेणाऱ्या बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या नामांकित सरकारी हायस्कुलांवर अब्दुलकादिरोलू, अँग्रिस्ट आणि पाठक या तिघांनी २०१४ साली शोधनिबंध लिहिला. एका-दोन मार्कांनी प्रवेश मिळालेली आणि तेवढ्यानेच हुकलेली मुलं त्यांनी ताडून पाहिली. पुढच्या परीक्षांतल्या गुणांत फारसा फरक सापडला नाही. (एका मार्काने सीओईपी हुकलेल्यांनी हे वाचून हुरळू नये, निबंध शाळांबद्दल आहे.) उलट बाजूने स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरच्या डिस्ट्रिक्टमध्ये मुलं तिसरी ते आठवीत किती पुढे सरकतात ते मोजलं. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की सरासरी गुणांत मागे असलेल्या शिकागोच्या सरकारी शाळांतली मुलं पाच वर्षांत सहा वर्षांइतकं शिकत होती. इतक्या वेगाने शिकणारी श्रीमंत उपनगरं फारच थोडी निघाली.

याचा अर्थ शहरातल्या सगळ्याच शाळा छुप्या रत्नांसारख्या आहेत असा नाही. राष्ट्रीय चाचणीच्या २००९ च्या गणिताच्या पेपरात डेट्रॉइटच्या मुलांना त्या चाचणीच्या इतिहासातले सर्वांत कमी गुण पडले. तेवढी दरी केवळ घरच्या गरिबीवर ढकलून चालणार नाही. मिशिगनने १९९४ मध्ये मतदान घेऊन शाळांचा रोजचा खर्च घरपट्टीवरून काढून मुख्यतः राज्याच्या विक्रीकरावर टाकला, त्यामुळे पगार आणि वह्या-पुस्तकांच्या पैशातलं अंतर बरंच कमी झालं. इमारतींचा खर्च मात्र अजूनही गावाच्या मालमत्ता-करातूनच निघतो. २००९ पासून डेट्रॉइटच्या शाळा राज्याने नेमलेल्या प्रशासकांच्या हाती होत्या. २०१६ च्या जानेवारीत शिक्षकांनी सामूहिक आजारपणाची रजा टाकली आणि वर्गांचे फोटो जगासमोर ठेवले: भिंतींवर बुरशी, मेलेले उंदीर, जिमखान्याची उखडलेली लाकडी जमीन.

त्याच वर्षी काही विद्यार्थ्यांनी राज्यावर दावा लावला. मागणी चांगल्या शाळेची नव्हती, दहापैकी आठची तर नव्हतीच. वाचता-लिहिता येईल इतकं शिकवा, घटनेने आम्हाला एवढा हक्क दिला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. एप्रिल २०२० मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी ते मान्य केलं. मे महिन्यात गव्हर्नरांशी तडजोड झाली. त्यानंतर काही दिवसांतच पूर्ण न्यायपीठाने प्रकरण नव्याने ऐकायचं ठरवलं, त्यामुळे तो निकाल आपोआप रद्द झाला, आणि तडजोड झालेली असल्यामुळे पुढची सुनावणी कधी झालीच नाही.