गाठ कोठे संपते?

मेंदूतील गाठ हुडकावयाची म्हणजे आधी चित्र हवे, असे आज आपण धरून चालतो. परंतु २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये गॉडली यांनी एका पंचवीस वर्षांच्या रोग्याची कवटी उघडली, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागावयास अकरा वर्षे होती. रोग्यास झटके येत ते चेहऱ्याच्या डाव्या बाजूस. पुढे डावा हात दुबळा झाला. एवढ्यावरून डॉ. बेनेट यांनी उजव्या गोलार्धातील नेमकी जागा सांगितली. फेरिअर यांचे माकडांवरील प्रयोग त्यांना ठाऊक होते. गाठ तेथेच, पृष्ठभागाच्या जराशी खाली, सापडली. रोगी मात्र महिन्याभरात जंतुदोषाने दगावला.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि हाडे दिसू लागली. मेंदू मात्र दिसेना, कारण त्याच्यात आणि गाठीत किरण अडविण्याच्या शक्तीचा फरक अगदीच थोडा. मग १९१८ मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या पोकळ्यांतील पाणी काढून तेथे हवा भरली. १९२७ मध्ये लिस्बनच्या मोनिझ यांनी रक्तवाहिन्यांत आयोडीनचे द्रावण सोडले. पोकळी दबलेली किंवा वाहिनी सरकलेली दिसली, की गाठ कोठे असावी याचा तर्क करावयाचा. चोर नव्हे, त्याने विस्कटलेले घर दिसे, असेच आम्ही म्हणू.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने विंबल्डन येथे पहिल्या रोग्याच्या मेंदूचा छेद दाखविला, आणि गाठ स्वतःच दृष्टीस पडली. प्रश्न सुटला असे वाटणे साहजिक होते.

तो सुटला नव्हता. डँडी यांनी १९२८ मध्येच काही रोग्यांचा अख्खा उजवा गोलार्ध काढल्याचे प्रसिद्ध केले होते. तरीही रोग उलटला. ‘ग्लायोमा’ जातीच्या गाठीस कड नसते. तिच्या पेशी निरोगी भागात दूरवर शिरतात. यंत्र प्रत्येक चिमुकल्या चौकोनाची सरासरी काढते. त्यात दहा-वीस दुष्ट पेशी असल्या तरी सरासरी हलत नाही. शिरेतून दिलेले औषध गळून उजळते, ते वाहिन्यांची भिंत फुटली असेल तेथेच. काठावरच्या पेशींजवळ ती बहुधा शाबूत असते. १९८७ मध्ये केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रातील उजळ भागाबाहेरचे तुकडे सुईने काढून तपासले. त्यांतही गाठीच्या पेशी होत्या.

म्हणून बोलण्याच्या किंवा हालचालीच्या केंद्राजवळ काम असले, की आजचे शल्यविशारद पुष्कळदा रोग्यास जागे ठेवतात, बोलावयास लावतात, हात हलवावयास सांगतात. शब्द अडखळला की सुरी तेथे थांबते; गाठीची कड मात्र त्याच्याही पलीकडे असू शकते.