ब्रह्मपुरीचा पोसायडन आणि आपली टेंबलाई

टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात शाळेच्या सहलीतून आपण सगळेच कधी ना कधी गेलो आहोत. बहुतेकांना बागेतली उंच झाडं आठवतील, डब्यातली चपाती-भाजी आठवेल. कपाटातली ब्राँझची एक लहानशी मूर्ती मात्र फार थोड्यांना आठवेल. मुठीत धरता येईल एवढा हा दाढीवाला, उघड्या अंगाचा, एक हात वर उगारलेला देव म्हणजे पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. हातातला त्रिशूळ आता नाही, पण हाताच्या ठेवणीवरून तो होता हे कळतं.

समुद्रापासून इतक्या लांब, सह्याद्रीच्या अलीकडे, पंचगंगेच्या काठी हा देव आला कसा? आणि त्याहून मला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा की, इथे त्याची पूजा कुणी केली का? आपल्या ग्रुपवर मध्यंतरी 'कोल्हापुरात ग्रीक देवाचं देऊळ होतं' असा मजकूर फिरत होता. त्याला चार ओळींत उत्तर देणं जमलं नाही, म्हणून स्मरणिकेतली ही जागा वापरतो.

शिवाजी पुलाजवळची ब्रह्मपुरीची टेकडी म्हणजे आपलं सर्वांत जुनं कोल्हापूर. तिथे १९४४च्या सुमारास राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदणगार यांच्या देखरेखीखाली खोदकाम झालं, आणि पाठोपाठ १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. सातवाहन काळातली पक्क्या विटांची घरं मिळाली. ब्राँझच्या वस्तूंचा एक मोठा साठाच हाती लागला. पोसायडन त्यातलाच. सोबत रोमन घडणीची भांडी होती, ग्रीक पुराणातल्या पर्सियस आणि अँड्रोमेडा यांचं चित्र उठवलेली एक तबकडी होती आणि देशी कारागिरांनी केलेल्या पुष्कळ वस्तू होत्या. हत्तीवर बसलेल्या माणसांची छोटी मूर्तीही त्यांतच मिळाली.

पाश्चात्त्य व्यापारी पावसाळी वाऱ्यांवर जहाजं हाकत आपल्या किनाऱ्याला लागत. तिथून माल घाट चढून देशावर येई. टॉलेमीच्या भूगोलात 'बालेओकुरोस' नावाच्या राजाचा उल्लेख आहे, आणि ब्रह्मपुरीत शिशाची जी नाणी मिळाली त्यांवर 'विळिवायकुर' हे नाव आहे. दोन्ही एकच, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या गावच्या राजाची खबर तेव्हा पार अलेक्झांड्रियापर्यंत गेली होती!

पण मूर्ती सापडली म्हणजे देव सापडला, असं होत नाही. देऊळ म्हणायचं तर गाभारा हवा, वेदी हवी, नैवेद्याची भांडी हवीत, निदान एखादा नवसाचा लेख हवा. यातलं काही ब्रह्मपुरीत नाही. आहे तो धातूच्या मालाचा साठा, आणि त्यात आरसा, लोटा, देव सगळे शेजारी शेजारी. एखाद्या श्रीमंत घरात शोभेला ठेवलेली, किंवा ओतारी वितळवण्यासाठी विकत घेतो तशी मोडीत आलेली ही वस्तू असावी, असं माझं मत. आपल्या दिवाणखान्यात लाफिंग बुद्ध असतो, म्हणून आपण काही चिनी होत नाही.

त्रिशूळ पाहून एखाद्या कोल्हापूरकराने त्याला महादेव समजून हात जोडले असतील का? असतीलही. परका देव आपल्या नावाने ओळखणं ही माणसाची जुनीच खोड आहे. मेगॅस्थनीसने तेच केलं. मथुरेकडच्या लोकांच्या देवाला त्याने सरळ हेराक्लीस म्हटलं.

मग त्या काळचे कोल्हापूरकर कुणाला भजत होते? एकाला नव्हे, एवढं नक्की. गावात स्तूप होता. त्यातल्या अस्थिपात्राच्या दगडी पेटीवरचा ब्राह्मी लेख सांगतो की हे बम्ह नावाच्या माणसाचं दान, आणि धमगुताने ते घडवून घेतलं. जोतिबाजवळची पोहाळ्याची लेणीही बौद्धांचीच. त्याच सातवाहनांच्या राज्यात नाणेघाटात राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या लोकपालांना नमन आहे, नि पुढे यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाईंची लांबच लांब यादी. समुद्राचा म्हणून देव हवाच असेल तर वरुण घरातच होता. पोसायडनची गरज नव्हती.

हे झालं राजा-राणीचं आणि दान देऊ शकणाऱ्यांचं. दगडावर कोरायची ऐपत नसलेल्यांचं काय? त्यांचा माग फक्त मातीत लागतो. पुणे जिल्ह्यात इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीत, घराच्या जमिनीखाली पुरलेली मातीची एक डबी मिळाली. आत बिनशिराची स्त्रीमूर्ती आणि सोबत बैल. नाव नाही, मंत्र नाही. तेरला मिळालेली लज्जागौरीही बिनशिराचीच. या दोघींमधला हजार-दीड हजार वर्षांचा धागा जोडायचा मोह होतो, पण मधले दुवे हाती नसताना 'तीच ही देवी' म्हणणं मला धाडसाचं वाटतं.

अंबाबाईबद्दलही मी हेच म्हणेन. मूर्तीच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. ही विष्णुपत्नी की शिवशक्ती, यावर आपल्याकडे आवाज चढतात. मला वाटतं, ही लक्षणं एकत्र असणं हाच त्यातला इतिहास आहे. वेगवेगळ्या काळांतले भक्त इथे आले, प्रत्येकाने आपली खूण ठेवली आणि आधीची पुसली नाही. कोल्हासुराची कथाही तशीच. असुर मरता मरता मागतो काय, तर गावाला आपलं नाव राहावं. देवी ते देते. ललितापंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फोडतो तो त्याच असुराचा. हरलेल्याचं नाव गावाला आणि जिंकलेलीची पूजा गावात, असा समझोता पुराणांत इतरत्रही दिसतो. गयासुराची गया हे त्याचं ठळक उदाहरण. त्यामागे एखाद्या जुन्या स्थानिक दैवताची आठवण असावी, असा माझा तर्क आहे. तर्क म्हणूनच घ्यावा.

आता टेंबलाईचंच बघा. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवारी-शुक्रवारी गल्लोगल्लीच्या बायका-पोरी डोईवर कलश घेऊन निघतात, पुढे 'पी-ढबाक' वाजत असतं. आपणही त्या आवाजामागे वर्ग सोडून पळालेलो आहोत (सर-बाईंना हे तेव्हाच ठाऊक होतं). अख्ख्या गावाचा हा सोहळा, आणि दोन हजार वर्षांनी कुणी टेकडी खणली तर त्याचं काय हाती लागेल? पाणी जिरून जाईल, कडुलिंबाचा पाला कुजेल, नैवेद्य कावळे खातील. उलट एखाद्या घराच्या ढिगाऱ्यात तो लाफिंग बुद्ध मात्र शाबूत मिळेल.