वेगळ्या झोपडीतली बाळंतीण

न्यूझीलंडच्या माओरी समाजात, विशेषतः मानाच्या घराण्यांत, बाळंतपणासाठी वस्तीपासून दूर झोपडी बांधत आणि पुढे ती जाळून टाकत. सोयर ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा विटाळच वाटेल. मला तसे वाटत नाही. माओरींमध्ये सरदाराचे मस्तक तापू, म्हणजे दैवी निर्बंधाखालचे असे. त्याच्या उष्ट्याला कुणी हात लावत नसे. तो वारल्यावर त्याचे घरही कित्येकदा जाळत किंवा ओस सोडत. पण म्हणून सरदाराला कुणी अपवित्र मानले नाही. बाळंतिणीचे वेगळेपण याच जातीचे होते. बाई अडली तर तोहुंगा, म्हणजे विधी जाणणारा पुरोहित, तिच्यासाठी मंत्र म्हणे. हिनेतेइवाइवा या प्रसूतीच्या देवतेची आळवणी होई. नाळ हाराकेके या वनस्पतीच्या वाखाने बांधत, वार कुळाच्या जमिनीत पुरत आणि बाळाची गळालेली नाळ झाडाच्या ढोलीत वा खडकाच्या कपारीत, कधी थेट हद्दीच्या खुणेपाशी ठेवत. घाण समजलेली वस्तू आपल्या जमिनीच्या हद्दीवर कोण जपून ठेवील?

यावर आक्षेप असा की, ही माहिती मुख्यतः एल्स्डन बेस्टसारख्या युरोपीय वंशाच्या पुरुष संग्राहकांनी टिपलेली, तीही प्रतिष्ठितांच्या घरांतली. साधी बाई साध्या आडोशालाच बाळंत होई. झोपडीपुरते हे मान्य करायला हवे. पण वार पुरण्याची रीत घराण्याच्या मानावर अवलंबून नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: रुग्णालयांनी जीव वाचवले, मग जुन्या रीतींचे एवढे काय? जीव वाचले, यात शंका नाही. १९०७ च्या तोहुंगाविरोधी कायद्याला माउई पोमारेंसारख्या माओरी डॉक्टरांचाही पाठिंबा होता, आणि साथींनी खचलेल्या समाजासाठी त्यांची तळमळ खरी होती. १९३७ मध्ये माओरी बाळंतपणांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णालयात होत, १९६२ पर्यंत ९५ टक्के. मात्र टाके घालायला किंवा रक्त द्यायला वार जाळावी लागत नाही. तरीही रुग्णालये ती घरच्यांना न विचारता नष्ट करीत राहिली. त्यात वैद्यकीय गरज नव्हती. बाळाचे कुळाच्या जमिनीशी नाते जोडणारा विधी तेवढा तुटला. आज तिथली रुग्णालये वार कुटुंबाच्या स्वाधीन करतात, आणि त्यापायी उपचारांत काही उणे पडत नाही.