हिरवं पाणी म्हणजे माशांचं फुकट खाद्य? थोडं थांबा!



स्पिरुलिनाच्या गोळ्यांच्या जाहिराती तुमच्याही मोबाईलवर येत असतील. हेच सूक्ष्मशैवाल माशांना घाला, असं सांगणारेही आता भेटतात. खाद्य म्हणून ते दमदार आहेच. वाळलेल्या स्पिरुलिनात साधारण ६० ते ७० टक्के प्रथिनं असतात. पण मावळातल्या शेततळ्यासाठी पावडर विकत घ्यायची? मला तरी हा हिशेब जमत नाही. शैवाल तळ्यात आपोआप वाढतं, फक्त ते सांभाळावं लागतं.

मावळाला मत्स्यबीज नवीन नाही. लोणावळ्यात वळवण इथे टाटा पॉवरचं महाशीर पैदास केंद्र १९७०च्या दशकापासून आहे. महाशीर असो की रोहू, अंड्यातून निघालेलं पिल्लू सुरुवातीला पोटाखालच्या बलकावर जगतं. बलक संपला की खरी परीक्षा, कारण तोंड अगदी बारीक असतं. पाण्यात शैवाल असेल तर ते खाऊन रोटिफर, मोइना असे चिमुकले जीव वाढतात आणि पिल्लं त्यांना खातात. म्हणजे शैवालाचं पोषण बहुतेक वेळा एक पायरी मध्ये ठेवून पोहोचतं. सिल्व्हर कार्प मात्र कल्ल्यांतल्या गाळणीने शैवाल थेट गाळून खातो. बाकी मोठ्या माशांना पेंड आणि भाताचा कोंडा लागतोच. इंद्रायणी पिकवणाऱ्या मावळात कोंडा तर घरचाच.

आता धोका. शैवाल दिवसा ऑक्सिजन सोडतं, पण रात्री स्वतःच वापरतं. त्यामुळे पहाटे पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर लगेच ताजं पाणी सोडा किंवा एरेटर लावा, नाहीतर उजाडेपर्यंत मासे उलटे तरंगताना दिसतील. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दिवसेंदिवस ऊन दिसत नाही, तेव्हा जास्तच जपा. शैवाल एकदम मेलं की ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. अशा दिवसांत शेणकाला टाकणं पूर्ण बंद.

तपासायचं कसं? पांढऱ्या ताटलीला वजन आणि खुणा केलेली दोरी बांधा, पाण्यात सोडा. ताटली ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर छान. २० च्या आतच गायब? शैवाल फार झालंय. रोज एकाच वेळी मोजा आणि आकडा लिहून ठेवा. नुसत्या फोटोवर विसंबू नका, मोबाईलचा कॅमेरा रंग आणि उजेड स्वतःच बदलतो! पावसाळ्यात गढूळ पाणीही फसवतं. ग्लासभर पाणी स्थिर ठेवा. तळाशी गाळ बसून वरचं पाणी नितळ झालं तर ती माती होती.

हौस असेल तर फोल्डस्कोप घ्या. हा कागदी सूक्ष्मदर्शक मोबाईलला जोडता येतो आणि सुमारे १४० पट मोठं दाखवतो, त्यात रोटिफर पोहताना दिसतात. मात्र पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय आली तर ती मायक्रोसिस्टिस असू शकते. त्याचे काही प्रकार यकृताला घातक विष तयार करतात, म्हणून तिथलं पाणी गुरांनाही पाजू नका.