कुत्र्याच्या मूत्राशयाची साक्ष

फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ साली जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत जे सांगितलं, ते रंगांच्या कारखानदारांना मानवणारं नव्हतं. फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात त्यांना गाठी आढळल्या होत्या. रेन यांनी ठपका ठेवला रंगाच्या कच्च्या मालावर, म्हणजे ॲनिलिनवर, आणि ‘ॲनिलिन कॅन्सर’ हे नाव रूढ झालं. नाव चुकलं होतं, संशय खरा होता.

तो सिद्ध करायला मात्र चाळीसेक वर्षं लागली. उंदीर-सशांवरच्या प्रयोगांतून ठोस काही हाती लागत नव्हतं, आणि तोवर कारखान्यांची धुराडी थांबायचं कारण नव्हतं. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले विल्हेल्म ह्यूपर १९३४ साली ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. कंपनीच्या न्यू जर्सीतल्या रंगकारखान्यात कामगारांना हा रोग होऊ लागला होता. ह्यूपर यांनी कुत्रे निवडले. त्यांना महिनोन् महिने बीटा-नॅफ्थायलअमीन हे रंगनिर्मितीतलं रसायन दिलं आणि वाट पाहिली. बहुतेक कुत्र्यांच्या मूत्राशयात गाठी उगवल्या. निष्कर्ष १९३८ साली छापून आले. त्याच्या आधीच, १९३७ मध्ये, कंपनीने ह्यूपर यांना काढून टाकलं होतं. या रसायनाचं उत्पादन मात्र तिने त्यानंतरही बरीच वर्षं चालू ठेवलं. माझ्या मते या कथेतला सगळ्यात लाजिरवाणा भाग हाच.

पण कुत्राच का? याचं उत्तर मागाहून मिळालं, आणि ते यकृतात दडलेलं होतं. असलं अमीन शरीरात आलं की बहुतेक प्राण्यांचं यकृत त्याला ॲसिटिल गट जोडून निरुपद्रवी करतं. कुत्र्याकडे हे काम करणारं विकरच नाही. मग यकृत त्या अमीनवर दुसरीच प्रक्रिया करतं आणि ग्लुकुरोनिक आम्लाशी बांधून ते लघवीवाटे बाहेर काढायला बघतं. आम्लधर्मी लघवीत ही बांधणी सुटते आणि मोकळं झालेलं विष मूत्राशयाच्या अस्तरावर तुटून पडतं. लघवी तिथे तासन् तास साठून असते, त्यामुळे विषाला वेळही भरपूर मिळतो.

माणसं या बाबतीत सारखी नसतात. काहींचं यकृत ॲसिटिल गट जोडण्याचं काम झपाट्याने उरकतं, काहींचं रेंगाळत. १९८२ साली इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या रसायन कामगारांची तपासणी झाली. कॅन्सर झालेल्या २३ जणांपैकी २२ जण रेंगाळणाऱ्या गटातले निघाले. म्हणजे या एका बाबतीत ते उंदरापेक्षा कुत्र्याच्या जवळचे होते. त्याआधी, १९५४ मध्ये, रॉबर्ट केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश रंगउद्योगातल्या कामगारांच्या नोंदी तपासून नॅफ्थायलअमीन आणि बेन्झिडीन या रसायनांवर बोट ठेवलं होतं. ॲनिलिनविरुद्ध त्यांना पुरावा सापडला नाही.

उंदीर कधी गप्प बसतो, तर कधी नको तेव्हा बोलतो. सॅकरिन हे साखरेऐवजी वापरलं जाणारं रसायन चारलेल्या नर उंदरांना मूत्राशयाचे कॅन्सर झाले म्हणून १९७७ साली अमेरिकेत त्यावर बंदीचा प्रस्ताव आला. लोकांनी गिल्ला केला. बंदी टळली, पण डब्यांवर धोक्याची सूचना आली. पुढे कळलं, की उंदराच्या लघवीत क्षार आणि प्रथिनं इतकी दाट असतात, की सॅकरिनच्या मोठ्या मात्रेने त्यात कण तयार होतात आणि ते अस्तर खरवडतात. माणसात तसं घडत नाही. २००० साली ती सूचना हटली.

आता अभ्यासकांची नजर घराघरांतल्या कुत्र्यांकडे वळली आहे. स्कॉटिश टेरियर जातीत हा कॅन्सर इतर कुत्र्यांच्या सुमारे वीसपट आढळतो, आणि तोही कुणी रसायन टोचल्याविना. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात मालकांच्या संमतीने अशा कुत्र्यांवर नवी औषधं वापरली जातात. मात्र त्यांच्या बहुतेक गाठींत बीआरएएफ या जनुकातला जो बिघाड सापडतो, तो माणसाच्या मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये क्वचितच दिसतो.