फायरफ्लाय माशी नव्हे, स्टारफिश मासा नव्हे

मराठी माध्यमाचा विद्यार्थी इंग्रजीतून विज्ञान वाचू लागला की पारिभाषिक शब्द त्याला अडवतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात जड शब्दांपेक्षा सोपे वाटणारे शब्दच त्याला अधिक फसवतात. ‘फायर’ म्हणजे आग आणि ‘फ्लाय’ म्हणजे माशी, हे दोन्ही शब्द त्याला पाठ असतात. त्यामुळे ‘फायरफ्लाय’ म्हणजे आगीची माशी, असा अर्थ तो स्वतःच लावतो आणि काजव्याला माशांच्या कुळात नेऊन बसवतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले. पुढे सेमी-इंग्रजी वर्गांमुळे विज्ञानाचे पुस्तकही अनेक मुलांच्या हाती इंग्रजीतून आले. हा गोंधळ त्यामुळे आता फार लहान वयात सुरू होतो.

यात मुलाचा दोष काहीच नाही. जोडशब्दाचे शेवटचे पद वस्तूची जात सांगते, हा नियम दोन्ही भाषांत चालतो. घरमाशी ही माशीच असते आणि रानमांजर हे मांजरच असते. मात्र प्राण्यांची लोकप्रचलित नावे ठेवणाऱ्यांनी शरीररचना तपासली नव्हती. रूप, रंग, राहण्याची जागा, चालण्याची ढब यांपैकी जे डोळ्यांत भरले, त्यावरून नाव पडले आणि ते टिकले.

काजव्याचेच पाहू. तो भुंगेऱ्यांच्या गणात मोडतो. भुंगेऱ्याचे पुढचे दोन पंख टणक होऊन पाठीवर ढालीसारखे मिटलेले असतात आणि उडण्याचे काम मागचे दोन पातळ पंख करतात. काजव्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफरेज या विकराच्या साह्याने त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की प्रकाश पडतो. त्यात उष्णता जवळजवळ नसतेच, म्हणजे नावातली आगही खोटीच. भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या परिसरात मेअखेरीपासून पावसाचा जोर वाढेपर्यंत झाडेच्या झाडे लुकलुकताना दिसतात, तो या भुंगेऱ्यांचा जोडीदार शोधण्याचा काळ असतो. युरोपात याच कुळातल्या बिनपंखी, जमिनीवर बसून चमकणाऱ्या मादीला ‘ग्लो-वर्म’ म्हणजे चमकणारी अळी किंवा किडा म्हणतात. एकाच कुळातला कीटक एका नावात माशी होतो आणि दुसऱ्या नावात किडा!

मग खरी माशी कोणती? जिला दोनच पंख असतात ती. बहुतेक कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात. माशीची मागची जोडी आखडून गदेच्या आकाराच्या दोन इवल्या दांडक्यांत बदललेली असते. इंग्रजीत त्यांना ‘हॉल्टियर’ म्हणतात. उडताना ती वेगाने हलतात आणि शरीर कोणत्या बाजूला कलले आहे, याची खबर माशीला देतात. हातावर मारलेली चापट माशी चुकवते त्यामागे ही दांडकीही असतात. डासालाही दोनच पंख आणि अशीच दांडकी असतात, म्हणून शास्त्राच्या दृष्टीने डास ही माशीच आहे. ‘मॉस्किटो’ या मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थही ‘छोटी माशी’ असाच आहे. इतके प्रामाणिक नाव प्राणिजगतात क्वचितच सापडते.

या घोळावर इंग्रजीतल्या कीटकशास्त्रज्ञांनी एक साधी युक्ती रूढ केली आहे. कीटक खरोखर माशी असेल तर ‘फ्लाय’ हा शब्द सुटा लिहायचा, नसेल तर जोडून. त्यामुळे ‘हाउस फ्लाय’, ‘फ्रूट फ्लाय’, ‘हॉर्स फ्लाय’ हे शब्द सुटे लिहिले जातात, तर ‘बटरफ्लाय’, ‘ड्रॅगनफ्लाय’ आणि ‘फायरफ्लाय’ जोडून. फुलपाखराला आणि चतुराला चार पंख असतात, हे कोणत्याही मुलाला अंगणात मोजून पाहता येते. हाच नियम ‘बी’ या शब्दालाही लावतात. मधमाशी ही खरी ‘बी’ असल्याने कीटकशास्त्रज्ञ ‘हनी बी’ असे दोन शब्द लिहितात. सर्वसामान्य शब्दकोश मात्र हा नियम पाळतातच असे नाही. त्यांत ‘हाउसफ्लाय’ जोडलेलाही आढळतो. तेव्हा परीक्षेत शब्दकोशाचे रूप लिहिले म्हणून कोणाचे गुण कापू नयेत. मराठीला असा नियमही नाही. मधमाशी आणि गांधीलमाशी या दोघींच्या नावात माशी आहे, पण दोघींनाही चार पंख आहेत आणि त्यांचे जवळचे नाते मुंगीशी आहे.

माशीकडून माशाकडे वळले तर गोंधळ आणखी वाढतो. जुन्या इंग्रजी व्यवहारात पाण्यात राहणारा जवळजवळ कोणताही जीव ‘फिश’ या शब्दात सामावत असे. ‘स्टारफिश’ आणि ‘जेलीफिश’ ही नावे त्याच वळणाची आहेत. स्टारफिशला पाठीचा कणा नाही, मेंदू नाही आणि रक्तही नाही. तो कंटकचर्मी संघातला प्राणी आहे. त्याच्या शरीरातल्या नळ्यांमधून समुद्राचेच पाणी खेळत असते आणि त्या पाण्याच्या दाबावर हलणाऱ्या शेकडो नलिकापादांनी तो सरकतो. जेलीफिशच्या शरीराचा सुमारे ९५ टक्के भाग पाणीच असतो. म्हणूनच आता अनेक मत्स्यालये आणि पुस्तके ‘सी स्टार’ व ‘सी जेली’ ही नावे वापरतात. ‘सिल्व्हरफिश’ला तर पाण्याशीही घेणे नाही. जुन्या पुस्तकांच्या बांधणीतली खळ खाणारी, रुपेरी, बिनपंखी कसर ती हीच. ‘क्रेफिश’ या गोड्या पाण्यातल्या कवचधारी प्राण्याची कथा निराळी आहे. जुन्या फ्रेंचमधल्या ‘क्रेव्हिस’ या शब्दाचा शेवट इंग्रजांच्या कानाला ‘फिश’सारखा लागला आणि तसाच तो लिहिला गेला. याउलट ‘सीहॉर्स’ म्हणजे समुद्रघोडा हा नावात मासा नसूनही खरा मासा आहे. त्याला कणा आहे, तो कल्ल्यांनी श्वास घेतो, आणि त्याच्या जातीत अंडी पोटाच्या पिशवीत सांभाळण्याचे काम नर करतो.

आपल्या ‘देवमाशा’नेही पिढ्यान् पिढ्या हाच घोटाळा केला आहे. व्हेल फुप्फुसांनी श्वास घेतो, त्यासाठी त्याला पृष्ठभागावर यावे लागते आणि मादी पिल्लाला दूध पाजते. लांबून ओळखायचे तर शेपूट पाहावी. माशाची शेपूट उभी असते व डावी-उजवीकडे हलते, व्हेलची आडवी असते व वर-खाली हलते. कार्ल लिनियसनेही आपल्या ग्रंथाच्या आधीच्या आवृत्त्यांत व्हेलला माशांतच ठेवले होते. १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीत त्याने त्याला सस्तन प्राण्यांत आणले. पण शास्त्राने मानले म्हणून बाजाराने मानलेच असे नाही. न्यूयॉर्क राज्यात मत्स्यतेलाची तपासणी सक्तीची झाल्यावर सॅम्युएल जड या व्यापाऱ्याने व्हेलच्या तेलासाठी तपासणी शुल्क देण्यास नकार दिला. व्हेल हा मासाच नाही, तेव्हा त्याचे तेल मत्स्यतेल कसे, असा त्याचा युक्तिवाद होता. निरीक्षक जेम्स मॉरिस यांनी त्याला डिसेंबर १८१८ मध्ये न्यायालयात खेचले. सॅम्युएल मिचिल या नामांकित निसर्गशास्त्रज्ञाने व्हेल मासा नसल्याची साक्ष दिली. ज्यूरीने मात्र व्हेल हा मासाच असल्याचा निकाल दिला. लिनियसच्या त्या आवृत्तीला तेव्हा साठ वर्षे झाली होती.

शब्दाच्या फसवणुकीची किंमत कधी अंगावरही निघते. ‘वर्म’ म्हणजे जंत किंवा किडा. ‘अर्थवर्म’ म्हणजे गांडूळ, इथपर्यंत ठीक आहे. ‘सिल्कवर्म’ ही पतंगाची अळी असते आणि ‘रिंगवर्म’ हा तर प्राणीच नव्हे. नायटा किंवा गजकर्ण म्हणतात तो हा त्वचारोग बुरशीमुळे होतो. तो कडेने पसरत जातो आणि मधला भाग मोकळा होत जातो, त्यामुळे कातडीखाली वेटोळे घालून किडा बसल्यासारखा दिसतो. नावातली ‘रिंग’ खरी, ‘वर्म’ खोटा. जंताची गोळी खाऊन नायटा जात नाही, त्याला बुरशीनाशक औषधच लागते. वैद्यकातले त्याचे ‘टिनिया’ हे लॅटिन नावही मुळात कपडे कुरतडणाऱ्या अळीचे आहे, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेनेही तीच चूक जपून ठेवली आहे.

नवा प्राणी समोर आला की नाव बाजूला ठेवून चार गोष्टी पाहाव्यात: पाठीचा कणा आहे का, पाय किती, पंख किती आणि श्वास कशाने घेतो. कीटकाला सहा पाय असतात, एवढे एक लक्षात ठेवले तरी ‘सिल्व्हरफिश’चा प्रश्न तिथेच सुटतो.

ही कसोटी मराठी नावांनाही लावून पाहावी. गोगलगायीत गाय नाही, पाणघोड्यात घोडा नाही (‘हिपोपोटॅमस’ या ग्रीक शब्दाचा अर्थही ‘नदीतला घोडा’च आहे) आणि सापसुरळी हा साप नसून सरड्या-पालींच्या गटातला प्राणी आहे. मांजराच्या नावावर तर आपण किती जणांना खपवले आहे! पाणमांजर हे मुंगसापेक्षाही वेगळ्या, वीझलच्या कुळातले. ऊदमांजराचे कूळ स्वतंत्र आहे. खवले मांजराच्या अंगावर आपल्या नखांच्याच द्रव्याचे, केराटिनचे, खवले असतात. त्याला दात नसतात आणि मुंग्या व वाळवी हे त्याचे अन्न असते. इंग्रजीतले ‘पँगोलिन’ हे नाव मलाय भाषेतून आले असून त्याचा अर्थ ‘गुंडाळून घेणारा’ असा आहे. ते मराठी नावापेक्षा नक्कीच उजवे. खवल्यांसाठी होणाऱ्या बेसुमार शिकारीमुळे २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत त्याच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले.

आपल्याकडची नावेही इंग्रजीत गेली आहेत. ‘माँगूस’ हा शब्द थेट मराठीतल्या मुंगसावरून आला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत रुजला. त्याच्या शेवटी ‘गूस’ म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी असल्यासारखे ऐकू येते. म्हणून ‘गूस’चे जसे ‘गीस’, तसे ‘माँगूस’चे ‘माँगीस’ असे अनेकवचन करण्याचा मोह इंग्रज मुलांनाही होतो. योग्य रूप ‘माँगूसेस’ असे आहे. मराठी मुलाला ते लक्षात ठेवायला अडचण पडू नये. घुशीचे ‘बँडिकूट’ हे नाव तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कू’वरून आले. त्याचा अर्थ डुकरासारखा उंदीर. पुढे तेच नाव ऑस्ट्रेलियातल्या, पोटाला पिशवी असलेल्या एका अगदी वेगळ्या प्राण्याला चिकटले. आणि ‘बाँबे डक’ म्हणजे आपला बोंबील. रेल्वेने जाणाऱ्या मुंबईच्या डाकेला वास यायचा, म्हणून ‘बाँबे डाक’, अशी त्याची कथा रंगवून सांगतात. पण इंग्रजी लेखनात हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच आढळते आणि बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी.

शास्त्रीय नावे तरी निर्दोष असावीत, अशी अपेक्षा असते. निलगाय ही गाय नसून कुरंगांच्या जवळची आहे. पण तिचे शास्त्रीय नाव ‘बोसेलॅफस ट्रॅगोकॅमेलस’. त्याचे तुकडे केले तर बैल, हरीण, बोकड आणि उंट असे चार प्राणी निघतात. आपल्या जंगलातल्या अस्वलाचे लांब वाकडे नख पाहून जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने १७९१ साली त्याला दक्षिण अमेरिकेतल्या ‘स्लॉथ’ या झाडाला लटकणाऱ्या प्राण्याच्या वंशात टाकले आणि वर ‘अस्वलासारखा’ असे विशेषण दिले. दोनच वर्षांत त्याचा वंश सुधारून ‘मेलुर्सस’ म्हणजे ‘मधुअस्वल’ असा करण्यात आला. पहिले विशेषण मात्र नियमाप्रमाणे कायम राहिले. त्यामुळे या अस्वलाचे शास्त्रीय नाव आजही ‘अस्वलासारखे मधुअस्वल’ असे आहे, आणि इंग्रजी पुस्तकांत ते ‘स्लॉथ बेअर’च आहे.