डोळ्यापुढची माशी

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यातली सकाळ होती. मी ओटीवर पेपर वाचत बसलो होतो आणि उजव्या बाजूनं एक माशी सारखी मध्ये येत होती. एकदा हाकलली, दोनदा हाकलली. तिसऱ्या वेळी पेपरची घडी करून फटका मारला, तेव्हा आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, एकटेच काय हातवारे करताय?" मी म्हटलं, "माशी आहे." त्या बाहेर आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कुठाय माशी?"

माशी नव्हतीच. म्हणजे ओटीवर नव्हती. ती माझ्या डोळ्यात होती. नजर डावीकडे नेली की थोडी रेंगाळून तीही डावीकडे येई. थेट तिच्याकडे पाहायला जावं तर निसटून जाई. संध्याकाळपर्यंत तिच्या जोडीला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आणि दोन-चार काळे ठिपके आले. मला धडकी भरली. त्याला घरातलंच एक कारण होतं, ते पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले, कपाळाला दिवा लावून, हातात भिंग धरून बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, पडदा शाबूत आहे. याला आम्ही फ्लोटर्स म्हणतो. वयानं येतात. सवय करून घ्या."

सवय करून घ्या, हे सांगायला सोपं. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. एखाद्या गोष्टीची भीती वाटली की ती आपल्याआधी कुणाकुणाला वाटली होती, हे शोधायची मला खोड आहे. तेव्हा मी या माशीचा इतिहास शोधायला लागलो.

सुरुवात घरातच झाली. आमचे आजोबा वैद्यकी करत. त्यांची सुश्रुतसंहितेची निर्णयसागर छापखान्याची जुनी प्रत माळ्यावर होती. तिच्या उत्तरतंत्रात डोळ्यांच्या रोगांचे अध्याय आहेत. डोळ्याच्या दुसऱ्या पटलात दोष शिरला की रोग्याला काय दिसतं, याची तिथं यादीच दिली आहे: माश्या, डास, केस, जाळी, वर्तुळं, पताका, मृगजळ. मी थक्क झालो. किमान दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी रोग्यासमोर बसून त्याला "काय दिसतं?" असं विचारलं होतं आणि त्या रोग्यानं माझंच उत्तर दिलं होतं.

पश्चिमेकडे गेलो तर तिथंही माशीच. लॅटिनमध्ये या प्रकाराला 'मुस्की व्होलिटांटीस' म्हणतात, म्हणजे उडत्या माश्या. फ्रेंच लोकही उडत्या माश्याच म्हणतात. दुसऱ्या शतकातल्या गेलन या प्रख्यात वैद्याला याबाबत एक मोठी अडचण होती. मोतीबिंदू सुरू होतानाही रोग्यांना डोळ्यापुढे चिलटं दिसतात आणि पोट बिघडलेल्यांनाही दिसतात, अशी त्याची समजूत होती. मग ओळखायचं कसं? त्यानं प्रश्न ठरवून दिले. एकाच डोळ्यात दिसतं की दोन्ही डोळ्यांत सारखं? किती दिवसांपासून? खाण्यापिण्याशी, पचनाशी त्याचा संबंध आहे का? पोटाचा भाग सोडून द्या, पण यातले पहिले दोन प्रश्न मला माझ्या डॉक्टरांनीही विचारले होते.

गेलनच्या काळी डोळ्यातलं भिंग हेच पाहण्याचं मुख्य इंद्रिय मानत. त्यामुळे माश्या भिंगाच्या पुढे, बाहुलीच्या आसपास तरंगत असणार, असाच सगळ्यांचा कयास होता. हे चित्र बदललं योहानेस केप्लरनं. ग्रहांच्या कक्षा सांगणारा तोच हा केप्लर. भिंग फक्त प्रकाश वळवतं, चित्र उमटतं ते मागच्या पडद्यावर, असं त्यानं १६०४ साली मांडलं. म्हणजे माशी दिसते ती खरं तर माशीची सावली. पडद्यावर पडलेली सावली.

पण सावली कशाची? इथं यान पुर्किन्ये हा चेक माणूस येतो. १८१९ साली प्राग इथं त्यानं डॉक्टरकीचा प्रबंध लिहिला. विषय होता, डोळा स्वतःच्या आत काय काय पाहतो. त्याची प्रयोगशाळा म्हणजे त्याचे स्वतःचे दोन डोळे. पुढे बोटांच्या ठशांचे नऊ प्रकार पाडणाराही हाच. लहान मुलं डोळे चोळून रंग बघतात, तसलेच खेळ त्यानं पद्धतशीर केले आणि जे दिसलं ते लिहून, काढून ठेवलं.

त्यानंतर ब्रूस्टर, लिस्टिंग, डोंडर्स अशा अनेकांनी हा धागा पुढे नेला. त्यांची एक युक्ती आपल्यालाही करता येईल. पोस्टकार्डाला टाचणीनं बारीक भोक पाडा आणि डोळ्याशी धरून त्यातून मोकळ्या आभाळाकडे पाहा. सूर्याकडे मात्र चुकूनही नाही. आपल्याला माळेसारखे मणी, धागे, पारदर्शक गोळे दिसतील. अगदी तरण्याताठ्या माणसालाही दिसतील. आता कार्ड किंचित हलवा. सावल्याही सरकतील, पण सगळ्या सारख्या नाहीत. वस्तू पडद्याजवळ असेल तर सावली थोडी सरकते, लांब असेल तर जास्त. एवढ्यावरून गणित मांडून या लोकांनी दाखवलं की माश्या भिंगाच्या पुढे नाहीत. भिंगामागे जो काचेसारखा गर असतो, त्यात त्या तरंगतात, आणि बऱ्याचशा पडद्याच्या अगदी जवळ.

१८५१ साली हेल्महोल्ट्झनं डोळ्याच्या आत पाहण्याचं यंत्र जगापुढे आणलं, आणि दुसऱ्याच्या डोळ्याचा पडदा जिवंतपणी पाहता येऊ लागला. याच हेल्महोल्ट्झनं एक फार शहाणपणाची गोष्ट नोंदवली आहे. माणसाला डोळ्याचं काहीतरी दुखणं होतं, तो डोळ्याकडे लक्ष देऊ लागतो, आणि मग जन्मभर आत असलेल्या माश्या त्याला प्रथमच दिसतात. त्याची मात्र खात्री होते की हे सगळं दुखण्यामुळेच आलं. माझ्या काही ठिपक्यांचं तसंच असावं.

डोळ्यातला हा गर चार मिलिलिटर असतो, म्हणजे चमचाभरही नाही. पण डोळ्याचा चार पंचमांश भाग त्यानंच भरलेला असतो. त्यात ९८ टक्क्यांहून जास्त पाणी, बाकी बारीक तंतू आणि हायल्युरॉनिक आम्ल. हे आम्ल कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये गाईगुरांच्या डोळ्यातूनच प्रथम वेगळं काढलं. आज गुडघ्याच्या इंजेक्शनात आणि चेहऱ्याच्या क्रीममध्ये जे असतं, ते हेच. वय वाढलं की हा गर पातळ होतो, तंतूंच्या गाठी होतात आणि एक दिवस तो पडद्यापासून सुटतो. जाड काचेचा चष्मा असणाऱ्यांमध्ये हे लवकर होतं. माझी माशी त्या सकाळी जन्माला आली ती अशी.

प्रत्येकाची माशी एवढी गरीब नसते. 'द स्क्रीम' हे चित्र काढणारा नॉर्वेचा एडवर्ड मुंक याच्या उजव्या डोळ्यात १९३० साली रक्तस्राव झाला. डावा डोळा आधीच अधू. वय ६६. डोळ्यापुढे काळे डाग आणि पक्ष्यासारखा एक आकार तरंगू लागला. चित्रकाराचं सर्वस्वच जायची वेळ. मुंकनं काय केलं? जे दिसत होतं त्याचीच चित्रं काढली. रक्त जसजसं निवळत गेलं तसतसे आकार कसे बदलले, हेही कागदावर उतरवलं. त्याची नजर बरीचशी परत आली.

आता ते घरातलं कारण. आमची थोरली बहीण, आक्का. १९८८ सालच्या श्रावणात ती म्हणू लागली, "डोळ्यापुढे काजळी उडतेय रे." मग म्हणाली, "कडेला वीज चमकल्यासारखं होतं." आम्ही म्हटलं, पित्त झालं असेल. तिला कोकम सरबत दिलं. गेलनचं पोटाचं निदान अठराशे वर्षांनी आमच्या स्वयंपाकघरात जिवंत होतं! घरात लग्न होतं, आक्कानंही बोलणं थांबवलं. कार्य आटोपल्यावर ती म्हणाली, "खालून काळा पडदा वर आलाय, आता अर्ध्याच्या वर दिसत नाही." मोठ्या शहरात नेलं, तोवर पडदा पूर्ण सुटून बरेच दिवस झाले होते. तो डोळा गेला.

वाईट याचं वाटतं की इलाज नव्हता असं नाही. स्वित्झर्लंडच्या ज्यूल गोनँनं १९२०च्या दशकात दाखवून दिलं होतं की पडद्याला आधी चीर पडते आणि तिच्यातून पाणी मागे शिरून पडदा सुटतो. चीर बुजवली तर डोळा वाचतो. त्याआधी असे रोगी आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निजवून ठेवत, आणि बरं जवळजवळ कुणीच होत नसे. १९७० साली मायामीत रॉबर्ट माखेमर यानं डोळ्याच्या कडेनं बारीक हत्यार घालून आतला गर कापून काढायची शस्त्रक्रिया केली. हे सगळं आक्काच्या आधीचं. आमच्या घरापर्यंत ते पोचलेलं नव्हतं, एवढंच.

म्हणून डॉक्टरांनी मला सांगितलेलं मी इथं मुद्दाम सांगतो. ठिपके अचानक खूप वाढले, कडेला वीज चमकू लागली, किंवा नजरेवर कुठूनही पडदा सरकू लागला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. पडद्याला दुखणं कळतच नाही. अशी अचानक सुरुवात होऊन डॉक्टरांकडे येणाऱ्या सात जणांपैकी साधारण एकाच्या पडद्याला चीर सापडते, आणि वेळेत सापडली तर लेसरनं ती बहुधा तिथंच बंद करता येते.

माझी माशी अजून आहे. ती काढून टाकायची शस्त्रक्रियाही आज होते. पण तिनं मोतीबिंदू लवकर येतो, क्वचित पडदाही सुटतो, म्हणून डॉक्टर सहसा नको म्हणतात. मीही नको म्हटलं. आता ती थोडी खाली उतरली आहे, आणि मेंदूही बहुतेक वेळा तिच्याकडे काणाडोळा करतो. पांढऱ्या कागदावर मात्र ती हटकून येते. परवा नातवाचा निबंध तपासताना एका शब्दावर नसलेला अनुस्वार दिसला आणि मी तो खोडायला गेलो. नातू म्हणाला, "आजोबा, तिथं काही नाहीये."

मी नजर हलवली. अनुस्वार उडून पुढच्या ओळीवर जाऊन बसला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)